छत्तीस अंशांची फट

मंगळवार, संध्याकाळ. जैनथ.

तुकडे बसत नाहीत. हे गेल्यावर राखून ठेवलेले यांचे सगळे शर्ट कापून झाले, आणि आता कळतंय. सातवीच्या पोरांना मीच फळ्यावर शिकवते: पंचकोनाच्या सगळ्या बाजू आणि सगळे कोन सारखे असले की प्रत्येक कोन एकशे आठचा, एका बिंदूभोवती तीन मांडले की छत्तीस अंश उरतात, चौथा मावत नाही. आणि गोधडीसाठी मीच पंचकोन कापले! घरात आम्ही पाच होतो म्हणून पाच बाजू. आता चौघंच उरलो, हे कापताना तरी आठवायचं ना? फट ओढून शिवली की कापड वाटीसारखं फुगतं.

सासूबाई तेव्हाच म्हणत होत्या, गेलेल्याचे कपडे पैनगंगेत सोडून दे. मीच अडून बसले.

आज त्या शेजारी येऊन बसल्या. फटीत बोट घालून म्हणाल्या, "काऊन जुळून नाई राह्यलं वं?"

"कोनच तसा आहे, आई. फट राहणारच."

"मंग दुसरं फडकं लाव."

"दुसऱ्या कुणाचं नाही लावणार."

त्या उठून आत गेल्या. मला वाटलं, रागावल्या. परत आल्या तेव्हा हातात यांचा निळा शर्ट होता. मी एवढे दिवस तोच शोधत होते. त्यांच्या उशीखाली होता, न धुतलेला.

"घे, काप," म्हणाल्या.

मी कैची बाजूला ठेवली. कॉलर त्यांनी सोडलीच नव्हती.