आखूड पावलं

कोहेइ,

'प्रिय' लिहून खोडलंय. पत्र पाठवणार नाही, म्हणूनच स्पष्ट लिहितेय.

काल क्लबच्या हाकुबा डोंगरातल्या ट्रेकला तू पुढे राहून बर्फात वाट पाडत होतास. मला म्हणालास, "तोमोए, तू शेवटी राहा. तुझी काळजी करावी लागत नाही." सगळे हसले. मीही हसले.

तुझ्या मागे तुझी मिनोरी. उंचीनं माझ्याएवढीच, पहिल्यांदाच डोंगरात आलेली. तिचा तंबूसुद्धा तुझ्याच पाठीवर. "अगं बाई, गुडघाभर बर्फ!" असं ती किंचाळली की तू लगेच थांबायचास. तांदळाच्या मोची-गोळ्यांचं गरम सूपही आधी तिला.

तेही गिळलं असतं रे मी.

पण आपण एकत्र होतो तेव्हा किती हिवाळे मी तुझ्या मागे चालले, आठव. तुझ्या लांब ढांगांच्या खड्ड्यांत पाय पोचावा म्हणून उड्या मारायचे, धापा टाकायचे. "माझी ढांगच तेवढी, त्याला मी काय करू?" म्हणायचास. मला ते खरं वाटायचं.

काल तुझ्या पावलांच्या प्रत्येक खड्ड्यात माझा पाय अलगद बसला. माथ्यापर्यंत एकदाही धाप लागली नाही.

जिची काळजी करावी लागत नाही ती,
तोमोए