टेपचं दुसरं टोक

सर, आज तुमच्या लाडक्याला मी हरवलं. निकाल ऐकून बाहेर आले, कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये चहा घेतला, आणि जे वाटायला हवं होतं ते काही वाटेना. म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तक्रार करायला मला तुम्हीच लागता.

केस तुमच्या आवडीची होती. उस्मानपुऱ्यात ड्रेनेजसाठी खोदताना जेसीबीनं विजेची केबल तोडली, आणि केबलवाल्या कंपनीनं खोदणाऱ्या ठेकेदारावर भरपाईचा दावा ठोकला. तो माझा अशील. सिल्लोडकडचा माणूस, एकच मशीन, त्यावर सगळं घर. हरला असता तर मशीन विकावं लागलं असतं. माझ्यासमोर बसून पुन्हा पुन्हा एकच सांगायचा, "म्याडम, म्या इचारूनच खांदलं. त्यांच्याच माणसानं भिंतीवर लाल बाण काढून दिला, केबल इथून जाती म्हणून. म्या तिथून लांब खांदलं." आणि कंपनीचा वकील कोण, तर तोच. बाण काहीही सांगो, मशीन लावण्याआधी हातानं खड्डा घेऊन बघणं हे खोदणाऱ्याचंच काम, असं तो कोर्टात थेट तुमच्या आवाजात सांगत होता. बोलता बोलता मान तिरकी करून थांबायची तुमची लकबसुद्धा त्यानं उचललीय. माझ्या अंगाची नुसती आग झाली.

जळते मी त्याच्यावर, सर. तुमच्या घरातल्या ऑफिसात आम्ही दोघं ज्युनियर होतो, तेव्हाही जळायचे. जागा बघितल्याशिवाय केसवर बोलायचं नाही हा तुमचा हट्ट. कुठंही भांडण असो, तुम्ही स्कूटर काढायचात आणि मागं तो बसायचा. एकदा मी चपला घालून तयारच झाले होते. तुम्ही म्हणालात, "तू कशाला उन्हात? ड्राफ्ट तुझ्यासारखा कुणाला जमत नाही." कौतुक करून मला बसवून ठेवलंत. दुपारी तुम्ही दोघं परत येता, दोघांच्या बुटांना एकाच खड्ड्याचा मुरूम. काकू स्वयंपाकघरातून पाय धुवायला पाणी आणून देतात, दोघांना चहा ठेवतात, आणि मी स्वच्छ पायांनी नोटिसा टाइप करत बसते. दिवाळीला मला पेन दिलंत, त्याला तुमचा मोजायचा टेप. पेन भारी होतं. मी ते एकदाही वापरलं नाही.

या केसमध्ये मी कुणाची वाट बघितली नाही. एकटी गेले, खड्ड्यात उतरले, आणि मग पाहणीसाठी कोर्ट कमिशनर मागितला. पाहणीला तोही आला. कमिशनरनी मोजायला सांगितलं तसा यानं खिशातून टेप काढला. तुमचाच. डबीवर तुम्ही गुंडाळलेली चिकटपट्टी अजून तशीच होती. तो भिंतीवरच्या बाणापाशी थांबला आणि टोक त्यानं खाली माझ्याकडं दिलं, कारण केबलपाशी मी उभी होते. पट्टी ताणत गेली, ताणतच गेली. केबल बाणापासून इतकी लांब निघाली की त्याला स्वतःलाच हसू आलं. म्हणाला, सर असते तर मला इथंच तडजोड करायला सांगितलं असतं. म्हणजे तुम्ही काय म्हणाला असतात, तेही यालाच ठाऊक!

कोर्टानं आज माझ्या अशिलाचंच म्हणणं धरलं. खोदणाऱ्यानं आधी विचारलं होतं. जागा चुकीची दाखवली, तर केबल तुटल्याचा दोष दाखवणाऱ्यावर. अशील पाया पडायला लागला, त्याला कसंबसं उठवलं. मशीन वाचलं त्याचं.

हे काकूंना वाचून दाखवावं, असं एकदा मनात आलं. नको. त्या त्यालाही सांगतील. तुमच्यापुरतं सांगते: त्या दिवशी माप झालं, कमिशनरनी लिहूनही घेतलं, तरी मी टोक धरूनच उभी होते. त्याला दोनदा म्हणावं लागलं, "अगं, सोड ना आता."