म्हसवडच्या गाडीचा ठेका कुणाचा

मी, मानसिंग ज्ञानू सूर्यवंशी, वय ७९, पूर्वीचा धंदा बँडमास्तर, राहणार माधवनगर, लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे. पत्नीचं मत वेगळं आहे, म्हणून डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. घर आणि वस्तूंची वाटणी हे निमित्त. खरं काम एका गाण्याचं आहे, आणि ते मी जिवंत असतानाच उरकायचं आहे.

१. राहतं घर व बँकेतली शिल्लक पत्नी रंगूबाई हिला.

२. क्लॅरोनेट मुलगी शिवांजली हिला. विकू नये. वाजवूही नये, शेजारी चांगले आहेत.

३. शेजाऱ्यांतले अपवाद बाळासो. त्यांनी गणपतीत माझं गाणं दुप्पट वेगानं कर्ण्यावर लावलं. त्यांना माझा टेपरेकॉर्डर द्यावा. त्याला एकच वेग आहे.

४. ‘लागली गाडी म्हसवडची’ हे ते गाणं. त्यातली निघून जाणारी बाई कोण, असं लोक विचारतात. रंगूबाईच. भांडून माहेरी गेली, तेव्हा मी स्टँडवर उभा होतो. तिसऱ्या दिवशी शेंगांचं गाठोडं घेऊन परत आली आणि १९८७ साली सांगलीत कॅसेटसाठी ते गाणं तिनंच गायलं.

मी चाल वरातीत नाचायची बांधली होती. ड्रमवर दस्तगीर शिकलगार, पलटणीच्या बँडमधून निवृत्त. त्यांनी धरला तो जवानाच्या अंत्ययात्रेत चालतात तो संथ ठेका. मी ओरडलो. ते म्हणाले, “गडी बायकूला सोडाय आलाय. पाय उचलतील व्हय रं एवढ्या बिगीनं?” रेकॉर्डिंगची खोली एक वाजेपर्यंतच आमची होती, म्हणून तसंच राहिलं.

कॅसेटवाला म्हणाला, झोप येते. मग सुट्टी संपवून निघालेले जवान ती कॅसेट मागू लागले. पुढं पाठवणीला हेच गाणं लागायला लागलं आणि नवऱ्यामुलाचे मामासुद्धा रडू लागले.

५. साताऱ्याच्या सत्कारात मी माइकवरून सांगितलं, “संथ ठेका मला सुचला.” ते खोटं होतं. दस्तगीर पहिल्या रांगेत होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून गाणं कुठंही लागलं की चहा फुंकत विचारतात, “मास्तर, कुणाचा म्हणायचा ह्यो ठेका?” मी बिस्किट पुढं करतो.

६. वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदाराला मृत्युपत्रानं काही देऊ नये. म्हणून पहिले साक्षीदार दस्तगीर यांना मी काही देत नाही. ठेका त्यांचाच होता. जे माझं नव्हतं, ते मी देणार कसं?

वरील मजकूर मी साक्षीदारांपुढे मोठ्यानं वाचला. दस्तगीर बराच वेळ चष्मा पुसत होते. मग म्हणाले, “एवढं लिवायला अडतीस वर्सं? माझ्यापरास तूच सावकाश निघालास की, गड्या.” हे वाक्य कागदावर घ्या, नाहीतर सही करणार नाही, असं ते म्हणाल्यानं घेतलं आहे.

सही : मानसिंग ज्ञानू सूर्यवंशी

साक्षीदार :
१. दस्तगीर बाबालाल शिकलगार
२. नानासो दत्तू माने

सांगली, १४ नोव्हेंबर २०२५