बांधातली सव्वा तासाची बैठक

पेण, शुक्रवार दुपार

तीर्थरूप मामा,

गेल्या मंगळवारी सकाळी सव्वाआठला मी धरमतरच्या बांधातल्या भोकात बसलो आणि माझं आयुष्य बदललं. पण आधी साष्टांग नमस्कार. तब्येत बरी असावी. खोकला भिंतीपलीकडून ऐकू येतोच. (कॉलेज अर्ध्यावर सोडल्यापासून आपलं बोलणं बंद, म्हणून एकाच घरात पत्र. बोलणं आधी तुम्ही टाकलंत, एवढं लक्षात असू द्या.)

खाडीकाठच्या राखीव पाणथळीत मी गाइड झालोय, ते कानावर असेलच. त्या दिवशी पुण्याचे पाच पाहुणे होते आणि पक्षी मोजायला नमिता. (तिथल्याच काळुराम शेतकऱ्यांची मुलगी. तिच्याबद्दल खाली.) ती बघतेय म्हटल्यावर मला चेव आला. चिंबोरी (पुणेकरांच्या भाषेत खेकडा) दाखवतो म्हणून बांधातलं बीळ काठीनं उकरलं. आपण मूळचे गागोद्याचे, डोंगराकडे वाल-भात पिकवणारे. खारं पाणी कुठून शिरतं ते आपल्याला काय ठाऊक? भरती चढत होती. चिंबोरी निसटली आणि तिच्या बिळातून खाडीच आत आली, थेट काळुरामांच्या निसवलेल्या भातात.

काळुराम धावत आले. ओरडले नाहीत. बोट दाखवून म्हणाले, "बस त्यात." तिकडची जुनी रीत अशी, की ज्यानं बांध फोडला त्यानंच माती येईस्तोवर भोक अडवायचं. बसलो. एका हाकेवर घरटी एक माणूस चिखलाची पाटी घेऊन निघाला. (कॉलेजात दोन वर्षांत अशी हजेरी पाहिली नाही.) सव्वा तास मी हललो नाही, इतका की एक शेकाट्या पक्षी लाल काड्यांसारखे पाय टाकत माझ्या गुडघ्यापाशी चरायला आला. पाहुणे श्वास रोखून बघत होते. बसल्या जागेवरून मी त्यांना पक्षी, मिठागरं, बांध कसे राखतात ते सगळं सांगितलं.

नमिता म्हणाली, "आज पयल्यांदा थापा नाय मारल्यास." काळुराम म्हणाले, "गागोद्याचा असून बरा बसला."

भात वाचलं, मामा. मी फोडलं हे खरं, पण मी बसलो म्हणून वाचलं.

तुमचाच भाचा,
प्रणित

ता. क. नमिताला मागणी घालायची आहे. काळुराम म्हणतात, घरचं वडील माणूस आण, मग बोलू. मला तुमच्याशिवाय दुसरं कोण आहे? रविवारी याल का?

आणखी ता. क. नमिताचं अजून हो नाही. "हे समदं मामांना तोंडानं सांग, मग बघू," म्हणते. सांगायलाच तुमच्या खोलीत आलो होतो. तुम्ही झोपेचं सोंग घेतलंत, मीही ते खरं मानलं. ही ओळ तुमच्या पलंगाशी उभ्या उभ्या लिहितोय. कागद चष्म्याखाली ठेवतो. निघालो. दार ओढून घेतोय, आपटत नाही.