प्राणी उपचार शिबिर, संपर्क : ढोरे

३ नोव्हेंबर, सोमवार

आज कुलसचिव मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. या वर्षात तिसऱ्यांदा. आधीच्या दोन वेळा झेरॉक्सच्या कागदासाठी बोलावलं होतं, त्या धरायच्या नाहीत. आजचं काम मोठं आहे. परीक्षेच्या आधी पोरांचा ताण घालवायला कॅम्पसवर कुत्रं आणायचं. पोरं त्याला कुरवाळतात आणि ताण जातो म्हणे. अशा कुत्र्याला थेरपी डॉग म्हणतात. कल्पना आमच्या समुपदेशक रश्मी मॅडमची. नियमावली माझी. मॅडम म्हणाल्या, ढोरे, नियम तुम्ही करा, एका पानात.

सहायक कुलसचिवाच्या जागेसाठी चोवीस तारखेला निवड समिती बसते आहे. तीन आठवडे आधी हे काम माझ्याच हाती यावं, हा योगायोग नाही. दोनदा ही जागा माझ्या डोक्यावरून गेली. रिटायर व्हायला दोन वर्षं उरली. आता मिळाली तर मिळाली.

संकल्प : नियमावली अशी करायची की नागपूर विद्यापीठवाल्यांनी मागून न्यावी.

कुत्र्याला मी भीत नाही. सौ.ने विषय काढला म्हणून नोंद करून ठेवतो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

ड्राफ्ट तयार. एका पानात बसला नाही. सध्या सतरा नियम. त्यातले चांगले इथे उतरवतो. नियम ४ : थेरपी प्राण्याने आवारात भुंकू नये. नियम ६ : प्राण्यास मुख्य प्रवेशद्वारातून ओळखपत्र तपासूनच प्रवेश. नियम ९ : ओळखपत्रासाठी प्राण्याचे दोन पासपोर्ट फोटो, एक समोरून, एक बाजूने. नियम १३ : प्राणी व समन्वयक यांच्यात किमान पंधरा फूट अंतर असावे.

तेरावा वाचून रश्मी मॅडमनी विचारलं की समन्वयक कोण. म्हटलं, मी. पुढे काही बोलल्या नाहीत. पटलं असावं.

कुत्रं अकोल्याहून येणार. नाव बर्फी. मालकीण डॉ. प्राजक्ता, स्वतः जनावरांच्या डॉक्टर. फोनवर म्हणाल्या, बर्फी आजवर कोणाला चावली नाही. लेखी मागितलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज मराठी भाषेसाठी भांडलो. 'थेरपी ॲनिमल इव्हेंट' हे शब्द आपल्या नोटिशीत शोभतात का? मी नाव दिलं, प्राणी उपचार शिबिर. रश्मी मॅडम म्हणाल्या, सर, थेरपी डॉगच राहू द्या, पोरांना तेच समजतं. मग त्यांना समास सोडवून दाखवला. प्राण्यांनी केलेला उपचार तो प्राणी उपचार. तृतीया तत्पुरुष. दहावीला मराठीत शाळेत पहिला होतो, तेही सांगितलं.

त्या म्हणाल्या, "सर, लोक षष्ठी लावतील. प्राण्यांचा उपचार."

म्हटलं, लोक काही लावत नसतात. लोक वाचतात आणि पुढे जातात.

नव्या पिढीचं व्याकरण कच्चं आहे. वाईट वाटतं. नियम आता एकोणतीस.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

एक खाजगी गोष्ट. पाटी करून घेतली. ॲक्रिलिकची, निळ्यावर पांढरी अक्षरं. वर मोठं 'ढोरे', खाली 'सहायक कुलसचिव'. वर टांगायला दोन भोकं आणि दोरी. दुकानदार म्हणाला की आद्याक्षर घालू का, 'वा. ढोरे' करू. म्हटलं, मोठ्या पदाला आद्याक्षर लागत नाही. अख्ख्या विद्यापीठात ढोरे एकच.

निवड झाल्यावर धावपळ नको म्हणून आधी केली, बाकी काही नाही. घरी नेली तर सौ. बोलेल. ऑफिसच्या कपाटात फायलींमागे ठेवली. दुपारी दोनदा काढून पाहिली. साडेचारला एकदा.

१५ नोव्हेंबर, शनिवार

डॉक्टरकडे गेलो. बीपी एकशे साठ-शंभर. डॉक्टर म्हणाले, झोप नीट घ्या, ताण कमी करा. म्हटलं, मला ताण नाही, मी ताणाच्या कमिटीवर आहे. सौ. तिथेच होती. म्हणाली, "कुत्रं पोट्ट्यायसाठी बलावलं, अन् झोप तुमची काहून उडाली?"

सौ.ला, म्हणजे शालूला, प्रशासन समजत नाही. पण रात्रीच्या भाजीतलं मीठ गायब होतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

नियमावली पूर्ण. एकूण एक्केचाळीस नियम, नऊ पानं, स्पायरल बाइंडिंग. कुलसचिव मॅडमनी हातात धरून वजन पाहिलं आणि सही केली. म्हणाल्या, नोटीस तरी छोटी करा. केली. अशी :

'प्राणी उपचार शिबिर. मोफत. शुक्रवार, २१ नोव्हेंबर, सकाळी १०. विद्यापीठ मैदान. सर्व गरजूंनी लाभ घ्यावा. संपर्क : ढोरे.' खाली माझा मोबाइल नंबर.

श्रावणला पंचवीस प्रती देऊन दर्शनी ठिकाणी लावायला सांगितलं. श्रावण आमचा शिपाई, कॅम्पसच्या मागच्या गावात राहतो, तीस वर्षं नोकरी झाली. त्याने नोटीस तीनदा वाचली आणि एवढा खूश झाला की मीच चकित झालो. म्हणाला, बाप्पा, विद्यापीठानं पयल्यांदा कामाचं काई काढलं. मग विचारलं, बकऱ्या बी चालतीन का? अडाणी प्रश्न. पण मी प्रेमाने म्हटलं, श्रावण, आपल्याकडे लहान-मोठा भेद नाही.

तो म्हणाला, डेअरीवर लावतो, ग्रामपंचायतीत लावतो. उत्साह पाहून बरं वाटलं. हॉस्टेलची पोरं दूध घ्यायला डेअरीवर जात असतील.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सकाळपासून फोनच फोन. एवढा ताण आहे समाजात, याची मला कल्पना नव्हती. पालक स्वतः फोन करून राहिले. एक पुंजाराम म्हणून गृहस्थ, आवाजावरून साठीचे. म्हणाले, आमची गंगा तीन दिवसांपासून खात नाही, डोळ्यातून पाणी काढते, आणू का? माझा जीव तुटला. म्हटलं, अवश्य आणा, परीक्षेच्या तोंडावर असं होतं. ते म्हणाले की ऑटोत बसणार नाही, पायीच आणतो. म्हटलं, चालणं चांगलं.

रश्मी मॅडमना सांगितलं की प्रतिसाद जबरदस्त आहे. हॉस्टेलमधून किती नावं आली विचारलं. त्या म्हणाल्या, अठ्ठावीस. मला एक्केचाळीस फोन आले. नियम तेवढेच. शुभ आहे.

उद्याचा दिवस माझा.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळी ८.४०

मैदान सज्ज. मंडप आहे, हात धुवायला पाणी आहे. आधी आणि नंतर बीपी मोजायला नर्सबाई बसल्या आहेत. प्रतिसादाचे फॉर्म दोनशे. पंधरा फुटांवर चुन्याची रेघ मारून घेतली. मी रेघेच्या मागे.

९.३५

बर्फीला गेटवर अडवलं. ओळखपत्रावर बाजूचा फोटो नाही. वॉचमनने डॉ. प्राजक्तांना नियम ९ काढून दाखवला. म्हणजे नियमावली कुणीतरी वाचली! डोळे भरून आले. डॉक्टरबाई माणूस असल्याने त्यांना आत सोडलं. कुत्रं ड्रायव्हरजवळ, गाडीत, गेटच्या बाहेर.

९.५०

मागच्या फाटकातून एक म्हैस आत आली. वाट चुकली असेल.

९.५५

आणखी दोन. मागच्या फाटकाबद्दल नियमावलीत काही नाही. नियम ४२ करावा लागेल.

१०.१०

सात म्हशी, चार बैल. बकऱ्या मोजता आल्या नाहीत, त्या मंडपाची झालर खाऊन राहिल्या. डालग्यात कोंबड्या. एक गाढव आहे, ते कोणाचं ते कोणी सांगत नाही. माणसं रांगेत उभी, हातात माझी नोटीस. धोतरातले एक म्हातारे पुढे आले, हात जोडले. म्हणाले, "सायेब, मी पुंजाराम. अन् हे आमची गंगा."

गंगा काळी आहे. शिंगं दोन्हीकडे वळलेली. खरंच तीन दिवसांपासून काही खाल्लेलं दिसत नव्हतं.

१०.२५

कुलसचिव मॅडम आल्या. मैदान पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"ढोरे, हे काय आहे?"

"षष्ठी तत्पुरुष, मॅडम."

रश्मी मॅडम बाजूलाच होत्या. हसल्या नाहीत. एवढं मात्र मानावं लागेल.

१०.४०

मॅडमच्या खिडकीसमोरच्या निंबाला लोक जनावरं बांधू लागले. मॅडमनी हुकूम सोडला, दोन मिनिटांत तिथे पाटी पाहिजे. कोरा पुठ्ठा मिळेना. श्रावण म्हणाला, सायेब, तुमच्या कपाटात एक पाटी हाये. त्याला सगळं ठाऊक होतं तर. इलाज नव्हता. पाटी उलटी केली, मागच्या कोऱ्या बाजूवर मार्करने वळणदार अक्षरात लिहिलं, 'येथे जनावरे बांधू नयेत', आणि निंबाच्या फांदीला टांगली. अक्षर सुंदर आलं. संकटातही अक्षर बिघडू द्यायचं नाही, हे तत्त्व.

सायंकाळी ६, घरी

नीट लिहितो. डॉ. प्राजक्तांनी पदर खोचला आणि जनावरं तपासायला घेतली. त्या म्हणाल्या, लोक चार-चार किलोमीटर चालून आले, त्यांना परत पाठवणार का? रश्मी मॅडम नावं लिहून घेत होत्या. अठ्ठावीस पोरं गेटच्या बाहेर, गाडीभोवती. बर्फीने म्हणे खिडकीतून तोंड काढलं आणि सगळ्यांचे हात चाटले. गेटच्या बाहेर माझे नियम लागू नाहीत, त्यामुळे त्यांना मजा आली.

गंगाला सलाइन लावायची होती. बाटली धरायला उंच माणूस हवा होता. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी चुन्याच्या रेघेकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, साहेब, ही कुत्रं नाही. मग काय, धरली.

सावली तिथेच होती, म्हणून पाटी असूनही निंबाखालीच उभा राहिलो. पाऊण तास. पुंजाराम पाणी आणायला गेले होते. पाचेक मिनिटांनी गंगाने मान माझ्या खांद्यावर टेकवली. एवढी जड मान, पण हलवावीशी वाटेना. कसं कोण जाणे, मी तिच्याशी बोलायला लागलो. दोनदा जागा गेली ते सांगितलं. पहिल्या वेळी पेढे आणून ठेवले होते आणि परत न्यावे लागले, तेही सांगितलं. हे शालूलाही सांगितलेलं नाही. गंगाने मधे तोंड घातलं नाही. शेवटी मी दुसऱ्या हाताने पुढे केलेला चारा हळूच खाल्ला. पुंजाराम पाणी घेऊन आले आणि ते पाहून रडले. मलाही जरा निंबाचा कचरा डोळ्यात गेला.

जाताना नर्सबाईंनी बोलावलं. दिवसभर एकही बीपी मोजलं नव्हतं, रजिस्टर कोरं कसं द्यायचं? माझं मोजलं. एकशे चोवीस-ब्याऐंशी. मशीन बिघडलेलं असावं.

दोनशे फॉर्मांपैकी एक भरला गेला. 'प्राण्याच्या सहवासाने ताण कमी झाला का?' यावर 'होय'. नाव लिहायचं बंधन नव्हतं.

एकूण कार्यक्रम यशस्वी. छत्तीस जनावरं तपासली. समिती हे लक्षात घेईलच.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पेपरात आलं. जिल्ह्याच्या पानावर, चार कॉलम, रंगीत फोटो! सौ.ने चहाबरोबर समोर ठेवला.

फोटो निंबाखालचा आहे. मी नाही, मी तेव्हा हात धुवायला गेलो असणार. गंगा एकटीच उभी, कॅमेऱ्याकडे पाहते आहे. अंग खाजवताना तिने शिंगाने फांदी हलवली असेल, पाटी फिरली. तिच्या डोक्यावर, निळ्यावर पांढऱ्या सुंदर अक्षरात : 'ढोरे. सहायक कुलसचिव.'

सव्वानऊला कुलसचिव मॅडमचा फोन. आवाज शांत होता. म्हणाल्या, "ढोरे, जागा भरली वाटतं?"

मी म्हटलं, मॅडम, ती उलटी बाजू होती. त्या म्हणाल्या, सुलटी कोणती?

शालू स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून बसली होती. खांदे हलत होते. मग बाहेर आली, समोर बसली, आणि म्हणाली की पाटी केली होती तर मले सांगायचं तरी, मी काय हसली असती? आणि पुन्हा हसली. मग मीही हसलो. किती दिवसांनी, आठवत नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

समिती बसली. सहायक कुलसचिवपदी परीक्षा विभागाचे किशोर गावंडे. वय अडतीस. माझ्या मुलाखतीत एकच प्रश्न विचारला, म्हैस कशी आहे. बरी आहे म्हटलं. सगळ्यांना समाधान वाटलं.

लागलं मनाला. लिहून ठेवतो, लागलं. पेढे यंदा आणले नव्हते, तेवढं बरं केलं.

गावंडेंना माझी पाटी देऊन टाकावी असा एक उदार विचार आला होता. पण वर नाव माझं. शिवाय निंबावर पाहिलं, तर पाटी तिथे नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सुट्टी. पुंजाराम घरी आले, डब्यात दोन लिटर दूध. गंगाचं. खायला लागली, दूध वाढलं. आग्रहाने मला आणि शालूला गावी नेलं. गुरांचा कोठा स्वच्छ सारवलेला. गंगाने मला ओळखलं, निदान मान तरी इकडे केली.

दावणीच्या वर, खांबाला, माझी पाटी. श्रावणने आणून दिली म्हणे. नावाची बाजू समोर, खाली उदबत्तीची राख. पुंजाराम जरा लाजून म्हणाले, "सायेब, मागं तं लिवलं हाये का इथं जनावरं बांधू नये. कोठ्यात ते बरं नाई दिसत. म्हून तुमचं नाव वर ठेवलं."

घरी आल्यावर शालूने विचारलं, वाईट वाटून राहिलं काय? म्हटलं, छे. पाटी लागली ना. आणि पदाप्रमाणे, आद्याक्षर न घालता.