डाव्या दारामागचा पोचा

६ जानेवारी

पावाची गाडी पुन्हा वर्कशॉपला आली. पत्र्याला पोचा डाव्या दारामागे, गुडघ्याच्या जरा वर. तिसऱ्यांदा तिथेच! दादा गाडीभोवती फिरला. "काय हो पाववाले, डोळे घरी ठेवून गाडी चालवता की काय?"

"खांबाला लागली," म्हणाले. मान खाली.

मैद्याची पुडी माझ्या हातात दिली. पॉलिशची काजळी मैद्यानेच निघते, हे मी कधीतरी बोलले होते. लक्षात ठेवलं!

७ जानेवारी

ते गाडीच्या आतून लाकडी ठोकळा लावून, मी बाहेरून मोगरी घेऊन. मध्ये नुसता पत्रा.

"इथे?" ते आतून विचारत.

"जरा खाली."

"आता?"

"हं."

तासभर एवढंच. बारा वर्षं एकटीने जेवतेय. आज पानावर बसल्यावर तेच ऐकू येत होतं — इथे? आता?

२ फेब्रुवारी

नाही आले.

१९ फेब्रुवारी

आले. तोच पोचा. आज नीट पाहिला. खांब घासला की रेघ उठते, इथे ओरखडासुद्धा नाही. वाटीसारखा गोल खड्डा. आणि यांच्या पँटच्या गुडघ्यावर ॲल्युमिनियमचा राखाडी डाग!

पन्नाशीला आलेला माणूस. स्वतःच्याच गाडीला गुडघा मारतो! हसू दाबायला मी साबण शोधायचं सोंग केलं.

पत्रा नरम व्हावा म्हणून साबणाची रेघ ओढून शेक दिला. ॲल्युमिनियम तापलं तरी लाल होत नाही. साबण तपकिरी झाला की थांबायचं. थांबले. आणि पोच्याच्या कडेला केसाएवढी चीर दिसली. तीन वेळा ठोकलेला, तीन वेळा घासलेला पत्रा — कागद झालाय. हा निघेल, पण आणखी एक पोचा, की फाटलाच.

सांगायला हवं. सांगितलं तर ते कशाला येतील?

२० फेब्रुवारी

चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडून ती थांबवली. मग सांगितलं. ठोकताना ते आत होते, म्हणून जमलं.

"इथे परत पोचा आला तर माझ्याच्याने निघणार नाही. फाटेल."

आतला ठोकळा खाली आला. मग, "तुम्हाला कळलं?"

"कालच."

ठोकळा दारात ठेवला, गाडी घेऊन गेले. पॉलिशचा शेवटचा हात राहिलाच.

११ मार्च

नाही.

२८ मार्च

नाही. दादा म्हणतो, "पाववाला सुधारला बुवा! गिऱ्हाईक गेलं आपलं." मी पॉलिशचं चाक चालू केलं. त्या आवाजात उत्तर द्यावं लागत नाही.

४ एप्रिल

चौकात गाडी दिसली. डावी बाजू सपाट, शेवटचा हात राहिला तरी सगळा रस्ता त्यात दिसत होता. काम चांगलं झालंय. इतकं चांगलं कशाला केलं?

९ एप्रिल

वर्कशॉपला सुट्टी. घराचं दार वाजलं. पाववाले! पायी आलेले, इस्त्रीचा शर्ट, हात रिकामे.

"गाडी कुठेय?"

"नाही आणली." म्हणाले, "काही बिघडलेलं नाही. तरी आलो."