गिळलेलं पान

सोमवार, ३ फेब्रुवारी

शेवंतीबाई गायब! मुलुंडच्या प्रसूतिगृहाच्या आठवणींचं पुस्तक. संपादन चेतनाचं, पानं मी लावली. प्रूफात डॉक्टर आहेत, नर्सेस आहेत, एकुलत्या एक आया शेवंतीबाई तेवढ्या नाहीत. सकाळी चेतनाचा फोन, "गार्गी, वाट लागली! शेवंतीबाईंनी प्रूफ पाहिलंय गं." फाइल उघडली. मजकूर जागच्या जागी. मग पानावर का नाही? पानं लावणाऱ्या प्रोग्रॅमने एररही दिली नाही!

मंगळवार

काही सापडत नाही. नवरा, मिहिर, म्हणतो, "वर्डमध्ये कर ना यार."

बुधवार

कांदिवलीला शेवंतीबाईंकडे गेले. म्हटलं, मशीनची चूक आहे. मटार सोलत होत्या, मान वर केली नाही. "डॉक्टर ऱ्हवले, नर्सी ऱ्हवल्यो. मशीनाक खावक मीच बरी गावलंय?" चहा घेऊन निघाले.

गुरुवार

सापडलं!! चेतना मजकुरातच मला सूचना लिहिते. त्या छापायच्या नसतात, म्हणून मी एक मॅक्रो, म्हणजे प्रोग्रॅमला छोटी आज्ञा, केलाय — 'टीप'पासून 'टीपसंपली'पर्यंत सगळं उचल, टाकून दे. शेवंतीबाईंच्या मजकुराआधीच्या सूचनेत तिने लिहिलंय 'टिपसंपली'. ऱ्हस्व! मॅक्रो काही वाचत नाही, समजून घेत नाही. नेमका तो शब्द दिसेपर्यंत नुसता गोळा करत जातो. तो दिसला थेट पुढच्या सूचनेच्या शेवटी. मध्ये अख्ख्या शेवंतीबाई! चुकीचा शब्दही पोटातच गेला, म्हणून कुरकुर नाही. आणि परिच्छेद संपला तरी थांबू नकोस, ही मुभा मीच दिलेली — नाहीतर पहिल्या रिकाम्या ओळीलाच बोंबलला असता.

शुक्रवार

दुरुस्त पान घेऊन पुन्हा कांदिवली. शेवंतीबाईंनी चष्मा लावला, ओळीखाली बोट धरून शेवटपर्यंत वाचलं. "ह्या माझाच आसा." मग म्हणाल्या, "जेवन जा." जेवले. वाकोल्याच्या प्रेसला फाइल गेली. चेतना म्हणते, झकास! मग मला स्वस्थ का बसवत नाहीये?

शनिवार

गेल्या वर्षीचं आरे कॉलनीतल्या गोठ्यांवरच्या कामगारांचं पुस्तक. तेही चेतनाचं, मॅक्रोही हाच. आज जुनी फाइल उघडली. जयवंत नावाच्या कामगाराची आठवण फाइलमध्ये आहे. छापलेल्या पुस्तकात नाही. प्रकाशन झालं, प्रती वाटल्या. कुणी फोन केला नाही. जयवंतांनीसुद्धा नाही.